खांदे सोडा

“थोरवडे, खांदे सोडा,” पेंढारकर बाई म्हणाल्या.

“सोडलेत की.”

“कुठं सोडलेत? कानाला लागलेत तुमचे खांदे. डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवल्यासारखे सोडा.”

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावरची ती बाग, नदीवरून येणारं धुकं, पायाखाली दवानं भिजलेली हिरवळ. दोन्ही हात छातीपुढे गोल धरून बायका ओळीनं उभ्या होत्या, आणि त्यांच्यात बाप्या मी एकटाच. कुणी ओळखू नये म्हणून कानटोपी भुवयांपर्यंत ओढून घेतली होती. पण सगळी हयात वीज मंडळात गेलेली. निम्म्या गावाच्या मीटरवर कधी ना कधी माझा हात फिरलेला. फिरायला येणारे दहा पावलं पुढं जाऊन वळून बघायचे. लाईन इन्स्पेक्टर थोरवडे हे काय करायला लागलेत?

मी हे ज्याच्यासाठी करत होतो ते माणूस मागच्या सिमेंटच्या बाकावर बसलं होतं. अंगाभोवती शाल, नजर खाली, पायात दोन वेगवेगळ्या जोडांच्या चपला. माझी सून, वृषाली.

माझा रणजित गेला त्याला तेव्हा एक वर्ष होऊन गेलं होतं. डेंग्यूचं निमित्त झालं. सोमवारी ताप आला म्हणून कारखान्यातून लवकर घरी आला आणि पुढचा सोमवार त्यानं पाहिला नाही. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्याची आई त्याच्याही आधी गेलेली. म्हणजे घरात उरलो मी आणि ती. सासरा आणि सून.

बाराव्यानंतर तिची आई तिला विट्याला घेऊन गेली होती. महिनाभरानं तिनंच मला फोन केला. “मामा, मला तिकडं यायचंय.” एवढंच. मी जाऊन घेऊन आलो. वाटलं, बरं झालं, घरात माणूस आलं. पण माणूस आलं नव्हतं. ती आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली ती झालीच. सुरुवातीला सकाळी उठायची, चहा करायची, कुणी आलं तर दोन शब्द बोलायची. मग एकेक सुटत गेलं. वर्षश्राद्धाला भावकी जमली, पानं वाढली, आणि फोटोला हार घालायला म्हणून तिला उठवलं तर ती भिंतीला धरून तिथंच खाली बसली. त्यानंतर आंघोळीलाही उठेना. केसांच्या जटा झाल्या. ताट ठेवलं तर तसंच, उचललं तर तसंच.

आणि मी सासरा. आईनं डोक्यावरून हात फिरवला असता, कुशीत घेतलं असतं, ओढून न्हाऊ घातलं असतं. मी खोलीच्या दारात उभा राहून बोलायचो. “वृषाली, थोडं खाऊन घे बाळा.” उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं धाडस होत नव्हतं. शेजारच्या मंगलवहिनी दोन दिवसांआड येऊन तिचं डोकं धुवायच्या, तेव्हा मी अंगणात जाऊन उभा राहायचो. आतून पाण्याचा आवाज यायचा. तिचा आवाज कधीच यायचा नाही.

तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या, नीट समजावूनही सांगितलं. हा आजार आहे, हट्ट नव्हे, आळस नव्हे. गोळ्या त्यांचं काम करतील, पण अंग हललं पाहिजे. सकाळचं ऊन लागलं पाहिजे. चालायला न्या, काहीही करा.

मंगलवहिनींनीच पेंढारकर बाईंचं नाव काढलं. बाई सरकारी दवाखान्यात व्यायामोपचाराच्या खात्यात होत्या. निवृत्त झाल्यावर पुण्याला राहून कुणाकडून तरी ही विद्या शिकून आल्या होत्या. गावात तिला ‘बाईंचा चिनी व्यायाम’ म्हणत. व्यायाम कसला, अगदी सावकाश हात वर न्यायचे, सावकाश खाली आणायचे. ढग बाजूला सारायचे. पोटापुढे न दिसणारा चेंडू धरून फिरवायचा. श्वास घेताना हे, सोडताना ते. आणि सारखं ऊर्जा, ऊर्जा. मी पहिल्याच दिवशी बाईंना म्हणालो, “बाई, आमच्या खात्यात ऊर्जा युनिटमध्ये मोजायचो. तुमच्याकडं मीटर कुठाय?”

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मीटर नाही माझ्याकडं. मी एवढंच बघते, येताना माणसाचा चेहरा कसा होता आणि जाताना कसा आहे. त्यालाच मी ऊर्जा म्हणते. तुम्ही दुसरं काही म्हणा.” मग बाकाकडे बघून हळूच म्हणाल्या, “गोळ्या चालू आहेत ना? त्या बंद करायच्या नाहीत हं, डॉक्टर सांगेपर्यंत. आणि त्यांना ओढून उभं करू नका. बसू दे. तुम्ही उभे राहा.”

“मी?”

“त्यांच्या ओळखीचं माणूस समोर असलं तर त्या बघतील तरी.”

म्हणून मी उभा राहिलो. रोज सकाळी स्कूटरवर मागं बसवून तिला आणायचं, बाकावर बसवायचं आणि बायकांच्या रांगेत जाऊन ढग सारायचे. खांबावर चढून जन्म काढलेला माणूस मी, अंग आखडलेलं. डावा हात वर जायचा तेव्हा माझा उजवा जायचा. सगळ्या बायका नदीकडे वळल्या की मी घाटाकडे तोंड करून उभा. बाई सारखं म्हणायच्या, खांदे सोडा. खांदे सोडणं म्हणजे काय असतं हे मला खरंच कळत नव्हतं.

असा महिना गेला असेल. थंडी वाढली. वृषाली बाकावर बसून खाली बघायची, मी पुढं चुकत राहायचो. घरी परत आलो की ती खोलीत जायची. मंगलवहिनी विचारायच्या, काही फरक? मी मान हलवायचो.

मग एके दिवशी, एका पायावर भार देऊन दुसरा पाय हलकेच पुढं टेकवायचा असा काहीतरी प्रकार चालला होता आणि मी नेहमीप्रमाणे उलटा उभा होतो, तेव्हा मागून आवाज आला.

“मामा, डावा.”

मी वळून बघितलं. ती बाकावरच होती. पण मान वर होती.

“काय गं?”

“डावा पाय. सगळ्यांचा डावा पुढं आहे.”

मी डावा पुढं टाकला. आता उजवा हात चुकला असावा, कारण ती उठली. शाल बाकावर राहिली. ओल्या गवतातून चालत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “असं.” तिनं हात वर नेला. फार वर गेला नाही, छातीशीच थरथरला. पण नेला. बाई पुढून सगळं बघत होत्या. आवाजाची पट्टीही न बदलता म्हणाल्या, “श्वास घ्या... आणि सोडा.”

त्या दिवसापासून ती माझ्या शेजारी उभी राहायला लागली. मला दुरुस्त करायचं हे तिचं काम झालं. मी मुद्दाम चुकायचो असं नाही. मला येतच नव्हतं. पण येत असतं तरी चुकलो असतो.

एकदम काही झालं नाही. काही सकाळी ती उठायचीच नाही. मी दारात उभा राहून “जायचं का?” विचारायचो आणि भिंतीकडे वळलेली पाठ तशीच राहायची. मग मी एकटाच जायचो, कारण बाईंनी सांगून ठेवलं होतं, तुमचा खाडा नको. अशा दिवशी परत आल्यावर ती एखादे वेळी विचारायची, “आज काय घेतलं?” मी चुकीचं करून दाखवायचो. ती आडव्या आडव्याच म्हणायची, “तसं नाही ते.” कधी एवढ्यावर उठून बसायची, कधी नाही.

संक्रांत झाल्यावर बाईंनी एक नवीन प्रकार घेतला. दोघादोघांनी समोरासमोर उभं राहायचं. डोळे मिटायचे. तळहात एकमेकांच्या तळहातांपुढे धरायचे, पण टेकवायचे नाहीत. मध्ये बोटभर जागा ठेवायची आणि समोरच्याच्या हाताची ऊब जाणवते का ते बघायचं. बायकांनी पटापट आपापल्या मैत्रिणी धरल्या. उरलो आम्ही दोघं.

मी संकोचानं म्हणालो, “बाई, तुम्ही उभ्या राहा हिच्यासमोर.”

बाई काही बोलायच्या आत वृषालीनंच हात पुढं केले.

मीही केले. डोळे मिटले. माझे हात कसे, तारा ओढून ओढून राठ झालेले, एका तळव्यावर भाजल्याचा डाग. मला वाटलं होतं, असलं काही मला जाणवायचं नाही. पण हळूहळू तळव्यांना समोरून ऊब लागायला लागली. एवढंसंच काहीतरी, चहाच्या कपाजवळ हात नेल्यासारखं. घरात इतके महिने ती होती, एका छपराखाली, आणि ती जिवंत आहे हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

“मामा,” ती फार हळू म्हणाली.

“काय?”

“रणजितचे हात असेच गरम असायचे.”

तो गेल्यापासून तिनं त्याचं नाव घेतलं नव्हतं. मी डोळे उघडले नाहीत. तिनं उघडले होते का, मला माहीत नाही. तिचा श्वास चुकत चुकत येत होता, मग हुंदका आला, मग ती रडायला लागली. मोठ्यानं, लहान पोर रडतं तसं. भोवतालच्या बायका थांबल्या. मी हात तसेच धरून उभा होतो. पुढं न्यावे असं फार वाटत होतं, आणि नेले नाहीत. बाई आल्या आणि त्यांनी तिला जवळ घेतलं.

घरी जाताना स्कूटरवर मागून ती म्हणाली, “मामा, भूक लागलीय.” वाटेत थांबून आम्ही मिसळ खाल्ली. तिनं पाव मागून घेतला.

तिथून ती वर यायला लागली. केसांना तेल लागलं. एक दिवस परत आलो तर आपणहून चुलीपुढं गेली आणि मला म्हणाली, “तुम्ही भाजीत मीठ किती घालता मामा, मी इतके दिवस खात होते तरी कसं?” लग्नाआधी ती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. उन्हाळा संपता संपता इथल्याच एका डॉक्टरांच्या लॅबमध्ये अर्धा दिवस जायला लागली. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. सकाळचा वर्ग मात्र तिनं सोडला नाही. मला जे कधी जमलं नाही ते तिला असं आलं, की तिचे हात वर जाताना बघत राहावं. पावसाळ्यात बाई घाटावरच्या देवळाच्या मंडपात वर्ग घ्यायच्या. तिथं वृषाली पहिल्या रांगेत उभी राहायची. नवीन आलेल्या बायकांना बाई सांगायच्या, हिच्याकडं बघून करा.

ही सगळी हकीगत मी सांगतोय ती एका दिवसासाठी. तो दिवस सप्टेंबरातला.

आदल्या दिवशी बाईंचा फोन आला होता. त्यांना तातडीनं सांगलीला जावं लागणार होतं, आणि दुसऱ्या दिवशीचा वर्ग वृषालीनं घ्यावा असं त्यांचं म्हणणं होतं. ती घाबरली. “मला नाही जमायचं बाई,” म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर संध्याकाळभर स्वयंपाकघरात हात हलवत, पुटपुटत फिरत राहिली. मला समोर उभं करून तालीम केली. “मामा, मी श्वास घ्या म्हणते तेव्हा घाई होते का?”

“नाही होत.”

“खरं सांगा.”

“थोडी होते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हणालो, माझा गुडघा धरलाय, तू रिक्षानं जा. तिनं केस विंचरले, पिवळा पंजाबी ड्रेस घातला, पायात एका जोडाच्या चपला घातल्या, देवाला हात जोडले. हॉलमधल्या रणजितच्या फोटोपुढून जाताना क्षणभर थांबली. मला वाटलं, आता. पण तिनं पर्समध्ये किल्ली आहे का बघितलं आणि म्हणाली, “येते मामा. माझ्यासाठी प्रार्थना करा.” रिक्षा वाजली आणि ती गेली.

ती गेल्यावर मी मंडईत गेलो. झेंडूचा हार घेतला, एक नारळ घेतला. रात्री भिजत घातलेली खपली शिजायला लावली. गूळ, खोबरं, थोडी सुंठ. खपलीच्या गव्हाची खीर रणजितला अशी आवडायची की पोळी बाजूला सारून तो वाटीच पुढं करायचा. तो गेला त्या तारखेला दुसरं वर्ष पुरं होत होतं. भावकीला मी आधीच सांगितलं होतं, यंदा कुणी येऊ नका, आम्ही दोघं घरातल्या घरात करू. मागच्या वर्षीसारखं व्हायला नको. तिला मी मुद्दाम काही बोललो नव्हतो. म्हटलं, तिच्या मनात असेलच. ती आली की तिच्याच हातून हार घालू. सावकाश, दोघांनीच.

खीर झाली. मी फोटो पुसून ठेवला. हार पिशवीत होता. तेवढ्यात फाटक वाजलं आणि ती पळतच आत आली.

“मामा! अहो मामा, झालं!”

“काय झालं?”

“सगळं नीट झालं. एकदाही अडखळले नाही. त्या शिक्षिकेच्या आई येतात ना, कंबरेत वाकलेल्या, त्या शेवटी माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, पोरी, तुझ्या आवाजानं झोप लागेल बघ मला आज. बाईंचा सांगलीहून फोन आला होता. त्या म्हणाल्या, आता आठवड्यातले दोन दिवस तूच घ्यायचेस. मी हो म्हटलं मामा! मी हो म्हणाले!”

ती हसत होती. नुसती तोंडानं नाही, तिचं सगळं अंग हसत होतं. लग्न होऊन आली तेव्हा ती अशी हसायची. त्यानंतर मी ते पाहिलं नव्हतं. आणि मग तिनं नाक वर करून वास घेतला.

“खीर केलीय? आज काय विशेष?”

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिच्या मनात नव्हतं. वरच्यावर हसून आत काही दाबून ठेवलंय, असंही नव्हतं. मी तिचा चेहरा आता ओळखत होतो. तिला ती तारीख आठवतच नव्हती.

मला एवढंच म्हणायचं होतं की आज रणजितचा दिवस आहे बाळा. शब्द जिभेवर होते. आणि मला ती भिंतीला धरून खाली बसलेली दिसली.

“विशेष काही नाही,” मी म्हणालो. “खपली उरली होती. कीड लागली असती.”

“द्या ना मग! भुकेनं जीव चाललाय.”

मी वाटी भरून दिली. ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभ्या उभ्याच खात राहिली आणि वर्गातल्या गोष्टी सांगत राहिली. कुणाचा तोल गेला, कुणी जांभई दिली. “मस्त झालीय,” म्हणाली आणि वाटी पुन्हा माझ्यापुढं केली. मी पुन्हा भरली. माझ्या पोराच्या नावानं रांधलेलं ते, नैवेद्य न दाखवता मी तिला वाढत होतो आणि ती आवडीनं खात होती. आणि देवाशपथ सांगतो, ती खात होती याचा मला आनंदही होत होता. त्याच वेळी आत काहीतरी असं तुटत होतं की ओट्याची कड धरून उभं राहावं लागलं.

“मामा, तुम्ही नाही घेत?”

“मी मघाशीच घेतली.”

दुपारी ती लॅबला गेल्यावर मी हाराची पिशवी उचलली आणि बाहेर पडलो. फोटोला घालावासा वाटत होता, पण संध्याकाळी ती दारातून आत येताच तिला तो दिसला असता. घाटावरच्या मारुतीला हार घातला, नारळ तिथंच ठेवला. पुजाऱ्यानं विचारलं, “कुणाच्या नावानं?” मी म्हणालो, “असंच.” पोराचं नावही मला त्या दिवशी कुणापुढं घेता आलं नाही.

चार-पाच दिवस गेले. एका दुपारी मी अंगणात पेपर वाचत बसलो होतो. आत फोन वाजला. विट्याहून तिच्या आईचा असावा. थोडा वेळ बोलणं ऐकू येत होतं, मग एकदम काहीच ऐकू येईना. मी पेपर खाली ठेवला. ती दारात आली. चेहरा पांढरा पडलेला.

“मामा, आई विचारत होती, यंदा तारखेला काय केलंत.”

“आज किती तारीख?” ती म्हणाली. तिला माहीत होती. ती उंबऱ्यावरच बसली. हात मांडीवर पडले होते, तळवे वर, आणि बोटं थरथरत होती. “मी विसरले. मामा, मी रणजितचा दिवस विसरले. मी त्या दिवशी हसत होते. मी... कसली बाई आहे मी?”

ते थरथरणं मी ओळखलं. इथून ती कुठं जाते तो रस्ता मी पाहिलेला होता. पहिल्यांदा हात, मग आवाज, मग भिंतीकडे वळलेली पाठ.

“मीही विसरलो,” मी म्हणालो.

तिनं वर बघितलं.

“खोटं.”

“खोटं कशाला सांगू? तुझ्या त्या वर्गाच्या गडबडीत माझ्याही ध्यानात राहिलं नाही. काल रात्री आठवलं. तुला काय तोंडानं सांगावं, म्हणून गप्प बसलो. मी तर बाप आहे त्याचा.”

“पण खीर...”

“खपलीला कीड लागत होती. सांगितलं नव्हतं का तुला?”

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मी नजर हलवली नाही. हयातभरात मी इतकं नीट खोटं बोललो नव्हतो. वाऱ्यानं पेपरची पानं अंगणभर पसरली, कुणीच उचलली नाहीत.

“खरंच विसरलात?” तिनं विचारलं. आणि त्या विचारण्यात किती आर्जव होतं! मी हो म्हणावं असं तिला हवं होतं.

“खरंच.”

तिनं डोळे पुसले. मग रडता रडताही हसल्यासारखा एक आवाज तिच्या तोंडून निघाला. “दोघंही सारखेच आपण,” म्हणाली. “त्यानं आपल्याला चांगलं सुनावलं असतं.”

“सुनावलं असतं,” मी म्हणालो. “मग जेवायला बसला असता.”

ती उठली, आत जाऊन तोंड धुवून आली. आम्ही चहा घेतला. संध्याकाळी तिनं स्वतःच फोटोपुढं उदबत्ती लावली, हात जोडून थोडा वेळ उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली का हे बघायला मी पहाटेपासून जागा होतो. तिच्या खोलीतला दिवा लागला, बादली वाजली. मग मी कूस बदलली.

पुढच्या वर्षी, उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मुलगा इस्लामपूरच्या कॉलेजात शिकवणारा, समंजस, बाईंच्या नात्यातला. आधी ती तयारच होत नव्हती. “तुम्हाला एकटं टाकून?” म्हणायची. मी म्हटलं, मला माझं घर मोकळं हवंय, किती दिवस तुझ्या हातचं अळणी खायचं? तिच्या आईबरोबर मीही कन्यादानाला उभा राहिलो. लोक काय काय म्हणाले, चांगलंही आणि वाईटही. ते राहू दे.

पाठवणीच्या वेळी गाडीचं दार उघडं होतं. ती वाकून पाया पडली आणि उठताना माझ्या कानाशी म्हणाली, “मामा, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही खरंच विसरला होतात ना?”

इतके महिने तिनं ते मनात ठेवलं होतं. नवी साडी, कपाळाला कुंकू, डोळ्यांत पाणी आणि तो प्रश्न. मला वाटतं, ती तो रणजितलाच विचारत होती, आणि उत्तर द्यायला तिथं मी उभा होतो.

“हो गं,” मी म्हणालो. “विसरलो होतो. जा आता, उशीर होतोय.”

ती गाडीत बसली.

आता तिला दोन मुली आहेत. इस्लामपुरात तिचा स्वतःचा वर्ग आहे, मोठा आहे म्हणतात. दर रविवारी फोन येतो. दिवाळीला पोरी घेऊन येते, त्या मला आजोबा म्हणतात. सप्टेंबरात तिचा फोन कधी त्या तारखेच्या आधी येतो, कधी नंतर. आम्ही पावसाबद्दल बोलतो, पोरींच्या शाळेबद्दल बोलतो.

ती तारीख दरवर्षी येते. आदल्या रात्री मी खपली भिजत घालतो. घरात मी एकटाच असतो. खीर कशाला केलीय, असं विचारणारं कुणी नसतं.